जे गळ्यानं सांगितलं

१९९० साल. ‘क्वीन’ या इंग्लिश बँडच्या नव्या अल्बमचं ध्वनिमुद्रण सुरू होतं. गिटारवादक ब्रायन मे यानं एका गाण्याची चाल स्वतः गाऊन कच्ची बांधून ठेवली होती. वरच्या स्वरांच्या काही जागा त्याला झेपत नव्हत्या, म्हणून तिथं त्यानं चोरटा आवाज लावला होता. ज्याच्यासाठी ही चाल होती तो गायक आजारी होता. त्याला धड चालवतही नव्हतं. हे तुला जमेल का, असं मेनं जपून विचारलं. गायकानं व्होडकाचा घोट घेतला, माइकपुढं उभा राहिला आणि गाणं गाऊन मोकळा झाला. जिथं मेचा आवाज चोरटा झाला होता, तिथं याचा गळा पुरता उघडला होता. हा प्रसंग मे आजवर अनेकदा सांगत आला आहे.

गाणं होतं ‘द शो मस्ट गो ऑन’. गायक फ्रेडी मर्क्युरी. १९९१ च्या फेब्रुवारीत ‘इन्युएन्डो’ या अल्बममधून ते लोकांपुढं आलं, ऑक्टोबरमध्ये स्वतंत्रपणे प्रसिद्ध झालं आणि २४ नोव्हेंबरला एड्सनं फ्रेडी गेला. वय ४५.

पहिल्यांदा हे गाणं मी कॅसेटवर ऐकलं. निम्मे शब्द कळले नव्हते, पण काहीतरी फार मोठं सांगितलं जातंय आणि तरी ते नेमकं सांगितलं जात नाहीये, एवढं कळलं होतं. त्या न सांगण्याचा अर्थ मला पुढं सातारा आणि सांगली या दोन जिल्ह्यांनी शिकवला. म्हणून या गळ्याचं रसग्रहण मला कृष्णेच्या काठानंच करावंसं वाटतं.

वाई सोडून एसटी पसरणीच्या घाटाला लागली की खाली धोमचं पाणी दिसू लागतं आणि वर पाचगणीचं पठार. ५ सप्टेंबर १९४६ रोजी झांझिबारमध्ये जन्मलेला फारोख बलसारा हा पारशी मुलगा आठ वर्षांचा असताना आगबोटीनं मुंबईला आला आणि पाचगणीच्या सेंट पीटर्स शाळेच्या वसतिगृहात दाखल झाला. आईवडील हजारो मैल दूर. सुट्टीत मुंबईला नातेवाइकांकडं जायचं, बाकी वर्षभर धुकं, पाऊस, सिल्व्हर ओकची झाडं आणि शाळेची घंटा. याच शाळेत मित्र त्याला फ्रेडी म्हणू लागले. याच शाळेत तो पियानो शिकला आणि शाळेच्या गायनवृंदात गायला. बारा वर्षांचा असताना चार मित्रांबरोबर त्यानं ‘द हेक्टिक्स’ नावाचा बँड काढला. रेडिओवर एकदा ऐकलेली चाल तो लगेच पियानोवर बसून वाजवायचा, अशी आठवण तेव्हाचे सोबती सांगतात. त्या बँडमध्ये तो मुख्य गायक नव्हता. मागं बसून पियानो वाजवायचा.

त्याच्या बालपणीच्या आवडींत लता मंगेशकरांचंही नाव घेतलं जातं. लताबाईंचं बालपण गेलं सांगलीत, मास्टर दीनानाथांच्या घरात. झांझिबारचा एक पोर आणि सांगलीची एक पोर, दोघांचा कान हिंदुस्थानातल्याच हवेत तयार झाला. यातून मोठा निष्कर्ष मी काढणार नाही. पण स्वराला चिकटून बसायचं, तो सुटू द्यायचा नाही, ही जी जिद्द फ्रेडीच्या लांबवलेल्या स्वरांत आहे, ती ऐकताना आपला कान परका राहत नाही, एवढं नक्की.

आता त्या पियानोकडं. १९७५ च्या ऑक्टोबरअखेर आलेलं ‘बोहेमियन ऱ्हॅप्सडी’ हे त्याचं सगळ्यात गाजलेलं गाणं. पाच मिनिटं पंचावन्न सेकंदांचं. इतकं लांब गाणं रेडिओ लावणार नाही, असं जाणकार सांगत होते. ते ब्रिटनमध्ये सलग नऊ आठवडे पहिल्या क्रमांकावर राहिलं. सुरुवातीला वाद्यं नाहीत, नुसत्या गळ्यांची दाटी. मग पियानो येतो आणि त्याचा डावा हात उजव्या हाताला ओलांडून वरच्या स्वरांना स्पर्श करून परततो. जेमतेम काही स्वरांची ही हालचाल आहे, पण गाण्याचा सगळा कातरपणा तिच्यात आहे. पुढं कबुलीसारखा संथ भाग, मग ऑपेराची धमाल, मग गिटारचा कडकडाट आणि शेवटी पुन्हा तोच पियानो, थकलेला, विझत गेलेला. ऑपेराचा भाग तिघांनीच गायला. तेच आवाज पुन्हा पुन्हा एकावर एक मुद्रित करत त्यांनी शेकडोंचा जमाव उभा केला. या गाण्याला कडवं-ध्रुपदाची चौकट नाही, प्रवेश आहेत. सांगलीच्या रसिकाला हे समजावून सांगावं लागत नाही. विष्णुदास भाव्यांनी १८४३ साली ‘सीतास्वयंवर’ उभं केलं त्या गावाला, गाणं हेच नाटक असू शकतं, हे पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक आहे.

त्याच्या आवाजाबद्दल एक गोष्ट जवळून पाहण्यासारखी आहे. २०१६ साली युरोपातल्या आवाजशास्त्रज्ञांनी त्याच्या ध्वनिमुद्रणांचा अभ्यास केला. त्याच्या स्वरातलं कंपन सेकंदाला सरासरी सात वेळा होत होतं, म्हणजे शिकलेल्या गवयांत जेवढं आढळतं त्यापेक्षा जलद आणि अनियमितही. त्याच्या गुरगुरत्या, खरखरीत स्वराची नक्कल करणाऱ्या गायकाच्या घशात कॅमेरा घालून पाहिलं, तेव्हा दिसलं की अशा स्वरात मुख्य स्वरतंतूंबरोबर त्यांच्या वरचे पडदेही थरथरतात. बोलताना किंवा साधं गाताना ते स्वस्थ असतात. मिरजेच्या सतारमेकर गल्लीत तंबोऱ्याची जवारी काढताना ज्यांनी पाहिलंय, त्यांना यातलं मर्म लगेच उमगेल. घोडीचा माथा कारागीर कानसेनं किंचित घासतो, तारेखाली सुताचा दोरा सरकवतो, आणि एरवी मुकाट वाजणारी तार एकदम झणझणून बोलू लागते. मूळ स्वर तोच, पण त्याच्या आत आणखी स्वर जागे होतात. फ्रेडीच्या गळ्याला अशी जवारी होती. म्हणून त्याचा एकटा आवाज एकट्याचा वाटत नाही.

आणि तो एकट्यासाठी गातही नसे. १३ जुलै १९८५ च्या ‘लाइव्ह एड’मध्ये, वेम्बली स्टेडियमवर, क्वीनच्या वाट्याला वीसेक मिनिटं होती. संध्याकाळच्या उजेडात सुमारे ७२ हजार माणसं. मधेच वाद्यं थांबवून फ्रेडी नुसता एक आलाप फेकतो, तेवढा सगळा जमाव परत फेकतो. मग तो आलाप लांबवतो, वळवतो, अवघड करतो. जमाव मागं हटत नाही. शाहीर पठ्ठे बापूरावांच्या वाळवा तालुक्यात ज्यांनी तमाशाचा फड पाहिला आहे, ते याला काय म्हणतील? झील धरणं. शाहिरानं ओळ टाकायची आणि झीलकऱ्यांनी ती उचलून धरायची. फरक एवढाच, की इथं झीलकरी ७२ हजार होते आणि त्यांतला एकही तालमीला आला नव्हता.

दोन वर्षांत चित्र पालटलं. १९८७ मध्ये फ्रेडीला एचआयव्हीची लागण झाल्याचं निदान झालं. ‘झिडोव्हुडिन’ हे पहिलं औषध त्याच वर्षी अमेरिकेत मंजूर झालं होतं, आणि एकट्या त्या औषधानं आजार फार काळ आवरत नव्हता. बँडचे कार्यक्रम थांबले होते, ते पुन्हा सुरू झालेच नाहीत. वर्तमानपत्रांचे छायाचित्रकार त्याच्या दाराशी पाळत ठेवून होते. चेहरा खंगत चालला होता. तो मात्र आजाराबद्दल बाहेर चकार शब्द काढत नव्हता.

या पार्श्वभूमीवर ‘द शो मस्ट गो ऑन’ पुन्हा ऐकू या. सुरुवातीला खालून एकच स्वराकृती फिरत राहते, रहाटगाडग्यासारखी. गाणंभर ती परतपरत येते. गायकाचा पहिला प्रवेश आवाज न चढवता होतो. रिकाम्या रंगमंचाकडं पाहून कुणीतरी स्वतःशीच विचारावं, तसा. ध्रुपदात आवाज वर जातो. मग दुसऱ्या कडव्याला गाण्याची पट्टीच एका पूर्ण स्वरानं चढते. ऐकणाऱ्याला वाटतं, आता उजाडेल. पण गाणं पुढं पुन्हा मूळ पट्टीवर उतरतं. ही चढ-उतार मला गाण्यातली सगळ्यात प्रामाणिक गोष्ट वाटते. आशा दाखवली आहे, आणि ती टिकल्याचं खोटं सांगितलेलं नाही. मधे क्षणभर सगळं हलकं होतं, फुलपाखराच्या पंखांची प्रतिमा येते, आणि तिथून गळा जो झेपावतो तो शेवटपर्यंत खाली बसत नाही. ओळी मुख्यतः मेनं लिहिल्या आहेत. आजाराचं नाव त्यांत कुठंही नाही. पण रंग फासलेला चेहरा आणि आत मोडत चाललेला माणूस, हे दोन्ही त्या गळ्यात एकाच वेळी उभे आहेत.

इथं मला पलूस तालुक्यातलं, कृष्णाकाठचं नागठाणे आठवतं. बालगंधर्वांचं गाव. १९११ साली ‘मानापमान’चा पहिला प्रयोग होता, त्याच दिवशी त्यांची लहान मुलगी गेली. प्रयोग रद्द झाला नाही. बालगंधर्व भामिनी होऊन उभे राहिले आणि गायले. मराठी रंगभूमीनं ही गोष्ट शतकभर जपून ठेवली आहे, आणि ती सांगताना आजही आपला आवाज जड होतो. नाटक थांबत नाही, हा धर्म आपल्याला इंग्रजीतून शिकावा लागला नाही.

तरीही दोन प्रसंगांत एक फरक आहे आणि तो मला झोंबतो. बालगंधर्वांचं दुःख कळलं तेव्हा लोकांनी ते आपलं मानलं. लेकराच्या मरणाला समाज खांदा देतो. फ्रेडीच्या आजाराला खांदा देणारं कुणी नव्हतं. तो रोग म्हणजे शिक्षा, तो झालेला माणूस म्हणजे पापी, अशी तेव्हाची समजूत. त्याचं पुरुषांवर प्रेम होतं, हेही कुजबुजीचंच खाद्य होतं. म्हणून एकाचं दुःख रंगमंचामागून पुढं येऊ शकलं आणि दुसऱ्याला ते गाण्यात पुरावं लागलं.

त्याच सुमाराचं दुसरं गाणं ‘दीज आर द डेज ऑफ अवर लाइव्ह्‌ज’. त्याचं चित्रण १९९१ च्या मे महिन्यात झालं, फ्रेडीचं कॅमेऱ्यासमोरचं शेवटचं. चेहऱ्याची अवस्था झाकली जावी म्हणून ते कृष्णधवल ठेवलं. जाड रंग लावलेला, हाडं वर आलेला चेहरा. एकेकाळी अख्ख्या मैदानावर धावणारा माणूस जागचा फारसा हलत नाही. हातांची मात्र भाषा तीच, डौलदार. अखेरीस तो खाली पाहतो, किंचित हसतो, मान वर करून थेट आपल्याकडं बघतो आणि शेवटचे शब्द न गाता नुसते ओठांवर आणतो. जो जन्मभर लाखोंना ऐकू जाईल असं गायला, त्यानं निरोप घेतला तो कुजबुजून.

२३ नोव्हेंबर १९९१ ला त्यानं निवेदन काढलं. मला एड्स आहे, जवळच्या माणसांचं खासगीपण जपण्यासाठी आजवर बोललो नव्हतो, आणि आता या रोगाविरुद्ध सगळ्यांनी डॉक्टरांबरोबर उभं राहावं, असा त्याचा आशय. दुसऱ्या दिवशी तो गेला. पारशी धर्मगुरूंनी अंत्यविधी केले. त्यानं आधी बोलायला हवं होतं, असं तेव्हाही काहींनी म्हटलं. मला ते पटत नाही. सत्य सांगण्याची जबाबदारी आजाऱ्यावर टाकण्याआधी, ते ऐकून घेण्याची लायकी समाजानं मिळवायला हवी.

ती लायकी थोडी वाढली, त्याला फ्रेडीचं मरण कारण झालं. ‘बोहेमियन ऱ्हॅप्सडी’ पुन्हा प्रसिद्ध झालं, पुन्हा पहिल्या क्रमांकावर गेलं आणि त्यातून दहा लाख पौंडांहून अधिक रक्कम एड्सरुग्णांसाठी काम करणाऱ्या टेरेन्स हिगिन्स ट्रस्टला मिळाली. २० एप्रिल १९९२ ला वेम्बलीवरच त्याच्या आठवणीत मोठी मैफल झाली, ती जगभर दाखवली गेली, आणि त्या व्यासपीठावरून एलिझाबेथ टेलर एड्सबद्दल स्पष्ट बोलल्या. मग त्याच्या सोबत्यांनी मर्क्युरी फिनिक्स ट्रस्ट स्थापन केला. तो आजही देशोदेशींच्या एचआयव्हीविरोधी कामांना पैसा पुरवतो. जगातल्या इतक्या मोठ्या रॉक गायकाच्या नावासमोर ‘एड्स’ हा शब्द ठसठशीत छापला गेला, तेव्हा अनेक घरांत तो प्रथमच मोठ्यानं उच्चारला गेला.

आपल्याकडं तो शब्द किती जड होता, हे मी पाहिलं आहे. आमच्या गल्लीत ट्रक चालवणारा एक माणूस होता, पुणे-बेंगलोर रस्त्यावर आयुष्य काढलेला. तो आजारी पडला तेव्हा लोक ‘मोठा आजार’ म्हणायचे आणि पुढं गप्प व्हायचे. त्याची ताटवाटी वेगळी झाली, मग खोली वेगळी झाली. तो भजनात उत्तम गायचा. शेवटच्या वर्षी तो भजनाला येऊन दाराबाहेर बसायचा आणि बाहेरूनच झील धरायचा. आत या, असं आमच्यापैकी कुणी म्हटलं नाही. मीही म्हटलं नाही.

पण याच कृष्णाकाठी काही माणसं बोलली. फ्रेडी गेला त्याच्या पुढच्या वर्षी, १९९२ मध्ये, सांगलीत मीना शेषू आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘संग्राम’ संस्थेचं काम सुरू केलं. सांगली तेव्हा राज्यातल्या जास्त लागण असलेल्या जिल्ह्यांपैकी. गोकुळनगरसारख्या वस्त्यांतल्या, धंदा करणाऱ्या बायकांना रोगाचं मूळ ठरवून बोलणारे पुष्कळ होते. ‘संग्राम’नं उलट केलं. त्याच बायकांना रोग रोखणाऱ्या कार्यकर्त्या केलं. त्या आपल्या वस्तीत निरोध वाटू लागल्या, निरोधाशिवाय गिऱ्हाइकाला नाही म्हणायला एकमेकींना शिकवू लागल्या, आजारी मैत्रिणीला घेऊन दवाखान्यात जाऊन उभ्या राहू लागल्या. १९९६ मध्ये त्यांची स्वतःची संघटना झाली, वेश्या अन्याय मुक्ती परिषद. पुढं त्यांनी स्वतःच्या आयुष्यावर नाटक बसवलं आणि त्यात स्वतःच कामं केली. सांगलीसारख्या नाट्यपंढरीला यापेक्षा शोभेल असा प्रयोग कुठला? ज्यांना बोलण्याचा सगळ्यात कमी अधिकार दिला होता, त्या सगळ्यात आधी बोलल्या, तेही दिव्यांच्या उजेडात, चेहरा न झाकता.

आणि वर, सातारा जिल्ह्यात, पाचगणीत? तिथं १९१२ साली डॉ. बिलिमोरिया यांनी क्षयरुग्णांसाठी ‘बेल-एअर’ आरोग्यधाम काढलं. डोंगराची स्वच्छ हवा हेच तेव्हा क्षयावरचं मोठं औषध होतं. पुढं ते भारतीय रेडक्रॉसकडं आलं, आणि नव्वदच्या दशकापासून एचआयव्हीबाधितांचा आसरा बनलं. घरच्यांनी पाठ फिरवलेली कितीतरी माणसं या पठारावर बरी होण्यासाठी आली. ज्या गावात एक मुलगा पियानोपुढं बसून सूर शोधायला शिकला, त्याच गावात त्याच्या आजाराच्या माणसांना पुढं अंथरूण, औषध आणि नाव घेऊन हाक मारणारं कुणीतरी मिळालं. पाचगणीत सेंट पीटर्सच्या फाटकाशी उभं राहून फोटो काढणाऱ्या रसिकांनी हेही ठाऊक ठेवावं.

फ्रेडी गेल्यावर पाच वर्षांनी, १९९६ मध्ये, अनेक औषधं एकत्र देण्याची पद्धत आली आणि या आजाराचं मरण पुढं ढकलता येऊ लागलं. २००१ मध्ये मुंबईच्या सिप्ला कंपनीनं ही औषधं एका रुग्णामागं वर्षाला ३५० डॉलरला देऊ केली आणि गरीब देशांना ती परवडू लागली. भारत सरकारनं १ एप्रिल २००४ पासून ती मोफत द्यायला सुरुवात केली. २०१७ च्या कायद्यानं एचआयव्हीबाधितांशी भेदभाव करायला बंदी घातली. गोळ्या नेमानं घेतल्या आणि रक्तातला विषाणू चाचणीत सापडेनासा झाला, तर तो शरीरसंबंधातून दुसऱ्याला लागत नाही, हे आता वैद्यकशास्त्र ठामपणे सांगतं. औषध आलं, कायदा आला. ताटवाटी वेगळी करणारा हात मात्र कायद्यानं थांबत नाही. त्याला माणसानंच आवरावं लागतं.

कलावंत म्हणून फ्रेडी मर्क्युरीचा माझ्यापुरता निवाडा असा. ‘बोहेमियन ऱ्हॅप्सडी’त त्यानं गाण्याचं नाटक केलं, वेम्बलीवर जमावाचा गायक केला, आणि ‘द शो मस्ट गो ऑन’मध्ये जे तोंडानं सांगता येत नव्हतं ते गळ्यानं सांगितलं. तिसरी गोष्ट सगळ्यात मोठी. ती करायची वेळ दुसऱ्या कुणावर येऊ नये, हे मात्र ऐकणाऱ्यांच्या हाती आहे.

म्हणून वाचकहो, एवढं करा. आज रात्री घर शांत झाल्यावर हे गाणं एकदा सुरुवातीपासून शेवटपर्यंत ऐका. पट्टी चढते ती जागा ओळखा, उतरते तीही. आणि मनात शंका असेल, तर उद्या सकाळी जवळच्या सरकारी दवाखान्यात जा. एचआयव्हीची चाचणी तिथं मोफत होते आणि नाव गुप्त राहतं. १०९७ या क्रमांकावर फुकट सल्ला मिळतो. आणि तुमच्या भजनाला कुणी दाराबाहेर बसलेलं दिसलं, तर उठून त्याला आत घ्या.